डोंगराची जकात

जुन्नरहून पश्चिमेला घाटघर गावाकडे गेलात, की सपाट माळ एकाएकी संपतो आणि समोर कोकण दिसायला लागतं, खूप खाली. इथेच दोन कड्यांच्या मधून एक अरुंद, दगडी वाट खाली उतरते. हा नाणेघाट. सातवाहन राजांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने वर चढायचा आणि जुन्नरवरून थेट पैठणपर्यंत जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक भलामोठा रांजण आजही आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गायी आणि किती नाणी दान दिली, याचा हिशेब त्यात कोरलाय. त्यातले आकडे म्हणजे आपल्या अंकांचे फार जुने पूर्वज!

राजाची जकात कधीच बंद झाली. पण खुद्द डोंगराची एक जकात असते, ती अजून चालू आहे. घाट चढणाऱ्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. पायी जाणाऱ्याला, सायकलवाल्याला, आगगाडीला, इतकंच काय, ढगालासुद्धा! यातून कुणाची सुटका नाही. ही जकात किती असते, कशी मोजायची आणि कोण कशी भरतं, हे आज आपण बघूया.

ही भिंत बांधली कुणी?

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थंड झाला आणि त्याचा काळा कातळ झाला. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याच्यावर पसरला. असे थरावर थर चढत गेले. पुढे या पठाराची पश्चिमेकडची बाजू तुटली, खचली आणि पावसापाण्याने झिजत झिजत मागे सरकली. कोकणातून पाहिलं तर भिंतीसारखा उभा दिसणारा सह्याद्री तो हाच.

हे थर तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतात. घाटातला रस्ता जिथे डोंगर कापून काढलेला असतो तिथे जरा थांबा. (रस्त्याच्या कडेला, मोठ्यांसोबत!) काळ्या कातळाच्या दोन जाड थरांच्या मधे कधी कधी विटकरी रंगाची एक पातळ पट्टी दिसते. एक लाव्हा येऊन थंड झाला. वर्षानुवर्षं ऊनपाऊस लागून त्याच्या माथ्याची माती झाली. मग दुसरा लाव्हा त्या मातीवर येऊन पसरला आणि ती चक्क भाजून निघाली. ती भाजलेली माती म्हणजे ही पट्टी. कातळात बारीक बारीक भोकंही दिसतील. ते लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत नंतर पांढरे चमकदार स्फटिक वाढले आहेत.

कठीण थराचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो, तिथे माती साठते आणि झाडी वाढते. म्हणून सह्याद्री एका दमात चढत नाही. आधी चढ, मग गच्च रानाचा सपाट टप्पा, मग पुन्हा कडा. या मधल्या टप्प्याला डोंगरात फिरणारे लोक ‘पदर’ म्हणतात. कड्यात जिथे भेग किंवा कच्चा दगड होता तिथे ओढ्यांनी खाचा पाडल्या. कुठे नाळ झाली, कुठे खिंड झाली. माणसांनी, गुराढोरांनी आणि लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी नेमक्या त्याच जागा हेरल्या, आणि त्यांच्या घाटवाटा झाल्या.

तीन किलोची पिशवी

आता सायकल काढूया. आपण सावंतवाडीहून आंबोलीला चाललोय. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी घाटाचा चढ ६०० मीटरचा धरू. तुमचं वजन ३८ किलो आणि सायकलचं १२ किलो, म्हणजे एकूण ५० किलो.

एवढं वजन दोर लावून सरळ वर ओढायचं झालं तर दोराला पन्नास किलोंचा ताण बसेल. समजा, डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ रस्ता काढला आणि तो दोन किलोमीटरचा झाला, तर चढ इतका खडा होईल की सायकल वर ढकलायला चौदा-पंधरा किलोंइतका जोर लागेल. कुणाचेही पाय भरून येतील. पण तोच रस्ता वळणावळणाने दहा किलोमीटर लांब केला, तर दर शंभर मीटर अंतराला फक्त सहा मीटर चढावं लागेल. मग जोर किती लागेल? तीन किलोंच्या आसपास! भाजीची बऱ्यापैकी भरलेली एक पिशवी उचलायला लागतो तेवढाच.

गंमत लक्षात आली? जोर पाच पटींनी कमी झाला आणि अंतर पाच पटींनी वाढलं. दोन्हींचा गुणाकार तेवढाच राहिला. म्हणजे डोंगराने जकातीत एका पैशाचीही सूट दिली नाही. फक्त ती थोडी थोडी करून भरायची सोय झाली.

यासाठी एक प्रयोग करा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची तिरकी कड पेनने रंगवा. मग उभ्या बाजूकडून सुरुवात करून तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. रंगवलेली कड पेन्सिलीवर गोल गोल फिरत वर जाताना दिसेल. हाच घाटरस्ता! आणि नीट बघा, हाच स्क्रूचा आटासुद्धा. स्क्रू हाताने ठोकून लाकडात जात नाही, पण फिरवत नेला की आरामात जातो. त्यामागचं कारणही हेच.

गिअर सायकलला, तसे पायांनाही

चढ लागला की गिअरच्या सायकलवाला काय करतो? चेन पुढे लहान चकतीवर आणतो आणि मागे मोठ्या चकतीवर नेतो. का बरं? दाते मोजून बघा. समजा, सपाट रस्त्यावर पुढे ४२ दाते आहेत आणि मागे १४. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक ४२ भागिले १४, म्हणजे ३ वेळा फिरतं. चाकाचा परीघ २.१ मीटर असेल तर सायकल एका फेऱ्यात ६.३ मीटर पुढे जाते. आता चढावर पुढे २४ दाते आणि मागे ३२ दाते घ्या. पायडलच्या एका फेऱ्यात चाक पाऊणच वेळा फिरेल आणि सायकल जेमतेम १.६ मीटर पुढे सरकेल. पायडल चौपट वेळा मारायचं, पण दर वेळी जोर चौथाईच लावायचा. इथेही जकात तेवढीच, फक्त हप्ते जास्त.

तुमच्याकडे बिनगिअरची सायकल असली तरी हिरमुसू नका. तुमच्या पायांना निसर्गाने गिअर दिलेत. डोंगरातल्या माणसांना चढ चढताना निरखून बघा. ती कधी ढांगा टाकत नाहीत. पावलं लहान लहान आणि एका लयीत. कुठे थांबायची घाई नाही, की कुठे पळायची घाई नाही. लहान पाऊल म्हणजे हलका गिअर! पहिल्यांदा ट्रेकला आलेली मुलं पायथ्याशी पळत सुटतात आणि पहिल्याच टेपाडावर बसतात. गुरंसुद्धा उतारावर सरळ चढत नाहीत, तिरकी तिरकी जातात. त्यांच्या खुरांनी पडलेल्या आडव्या वाटा तुम्हाला कुठल्याही गवताळ डोंगरावर दिसतील.

किती केळी खाल?

आता जकात मोजूया. ५० किलो वजन ६०० मीटर उंच न्यायचं तर लागणारी ऊर्जा म्हणजे वजन गुणिले १० गुणिले उंची. ५० × १० × ६०० = ३,००,००० ज्यूल. तीन लाख! आकडा ऐकून घाबरू नका. एका केळ्यातून साधारण चार लाख ज्यूल ऊर्जा मिळते.

मग एक केळं खाल्लं की झालं काम? नाही. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी वापरू शकतात. उरलेला पाऊण हिस्सा उष्णता होऊन जातो. म्हणून तीन लाख ज्यूलचं काम करायला बारा लाख ज्यूलचं अन्न लागतं, म्हणजे तीन केळी. शिवाय रस्त्याचं घर्षण आणि समोरून येणारा वारा यांचा खर्च वेगळाच. शेंगदाण्याची चिक्की असेल तर मोठा तुकडा जवळ ठेवा. कमी वजनात भरपूर ऊर्जा देणारा तो उत्तम खाऊ आहे.

आणि ती नऊ लाख ज्यूल उष्णता? ती अंगात साठली तर आपण आजारी पडू. म्हणून शरीर घाम सोडतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच घाटाच्या पायथ्याशी जास्त उकडतं आणि वर गेल्यावर, वारा लागल्यावर बरं वाटतं. तहान लागायची वाट बघू नका. घोट घोट पाणी पीत राहा.

आगगाडीला मागून धक्का

आगगाडीचं तर याहून कठीण. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे चढ जरा जास्त झाला की चाकं जागच्या जागी फिरतात. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिथला चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. सायकलवाल्याला हा अगदी सोपा वाटेल, पण रेल्वेच्या दृष्टीने तो फार खडा. म्हणून आजही कर्जतला थांबलेल्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत सोडतात. सुरुवातीच्या काळात तर घाटात एका ठिकाणी गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. रुळांनाच दिलेलं ते वळण होतं.

हा लोहमार्ग बांधताना कॉलरा, ताप आणि अपघात यांत हजारो मजूर दगावले. खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी जाताना आपण आनंदाने ओरडतो. त्या वेळी या माणसांची आठवण जरूर ठेवायला हवी. या घाटाची सगळ्यांत जड किंमत त्यांनी मोजली आहे.

ढग काय भरतो?

जून महिन्यात अरबी समुद्रावरून वाफेने भरलेली हवा येते आणि समोर सह्याद्री उभा! पुढे जायचं तर वर चढलंच पाहिजे. मग ही हवा जकात कशात भरते?

सायकलच्या टायरला हवा भरून झाल्यावर पंपाच्या तळाला हात लावा. तो गरम झालेला असतो, कारण हवा दाबली की तापते. उलट, भरलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडा. बोटाला ती गार लागते. हवा पसरली की गार होते. का? कारण पसरताना तिला आजूबाजूची हवा बाजूला ढकलावी लागते. ते काम करायला ऊर्जा हवी आणि हवेकडे असते ती फक्त स्वतःची उष्णता. तीच ती खर्च करते.

डोंगर चढणाऱ्या हवेचंही तेच होतं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढता चढता ती पसरते आणि गार होते. दर १०० मीटरला सुमारे १ अंश. थंड हवेत तेवढी वाफ मावत नाही. तिचे बारीक थेंब होतात, ढग होतो आणि मग धो धो पाऊस. म्हणजे हवेची जकात पाण्याने भरली जाते! आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. पण घाटमाथा ओलांडून तीच हवा देशावर उतरते तेव्हा ती दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या फलटणला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस मिळतो. घाटावर छत्र्या मोडतात आणि पलीकडचे शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसतात, ते यामुळे.

वाऱ्यालाही खिंड आवडते बरं का. पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावरून एक धबधबा खाली पडायला निघतो आणि चक्क वर उडतो! कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळतो. मागची हवा त्याला ढकलत असते, त्यामुळे वर चढण्याशिवाय त्याला मार्ग नसतो. त्यातच दोन कड्यांमधली जागा अरुंद, म्हणून तो आणखी वेग घेतो. पाण्याची धार कड्याबाहेर पडली की हा वारा तिचे तुषार करतो, उचलतो आणि माथ्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर उधळतो. सातवाहनांच्या बैलांनी निवडलेली वाट वाऱ्यानेही निवडली आहे. हे दृश्य कड्यापासून लांब उभं राहूनच बघायचं. निसरड्या दगडावर कुणाचीही हुशारी चालत नाही.

रान जपून ठेवतं

एवढं पाणी पडलं, पण ते जातं कुठे? उघड्या डोंगरावर पडलं तर माती घेऊन तडक खाली धावतं आणि दरडी कोसळतात. पण आंबोलीच्या घाटात अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन आणि किंजळ यांची दाटी आहे. पाऊस आधी पानांवर पडतो, मग खोडावरच्या शेवाळात मुरतो, मग पालापाचोळ्यात आणि शेवटी मातीत. मुळं माती धरून ठेवतात. पाणी हळूहळू झिरपत राहतं आणि पाऊस संपला तरी झरे वाहतात.

गाडीतून गेलात तर हे सगळं हिरव्या पट्ट्यासारखं पळून जातं. पायी किंवा सायकलवर मात्र कान उघडे असतात. पावसाच्या दिवसांत ओढ्याजवळून कुणी माणूस शीळ घालत चाललाय असं वाटलं, तर तो बहुतेक शीळकरी कस्तूर असतो, निळ्या-काळ्या रंगाचा पक्षी. उतारावर कारवीची झुडपं दाट वाढलेली दिसतील. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते आणि मग अख्खा डोंगर जांभळा होतो. भीमाशंकरच्या रानात उंच फांद्यांवर शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, उड्या मारताना दिसतो. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात एक छोटासा मासा राहतो. तो विज्ञानाला २०२० साली माहीत झाला. त्याला नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो अशाच संपत्तीमुळे.

ही हिरण्यकेशी मोठी मजेशीर. अरबी समुद्र तिच्या उगमापासून फार लांब नाही, पण ती निघते उलटी, पूर्वेला. घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्राचं पाणी घाट चढून येतं आणि अख्खा देश ओलांडून दुसऱ्या समुद्रात पोचतं!

उतारावर परतावा

चढताना भरलेले तीन लाख ज्यूल उतरताना परत मिळतात. पायडल न मारता सायकल धावते ती त्याच्यावरच. पण हा परतावा जपून घ्यायचा. तीन लाख ज्यूल म्हणजे लिटरभर साध्या पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता! यातली काही वाऱ्याशी झगडण्यात जाते, उरलेली ब्रेकना सोसावी लागते. म्हणून लांब उतारावर ब्रेक एकसारखे दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही वापरा. फक्त पुढचाच करकचून दाबला तर सायकल उलटते. मधे थांबून ब्रेक गार होऊ द्या आणि चाकाच्या धावेला लगेच हात लावू नका.

पायी उतरताना मांड्यांचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ताण सोसत सोसत ते लांबतात आणि त्यांना बारीक इजा होतात. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं!’ होतं, ते बहुतेक चढामुळे नाही, उतारामुळे. आगगाडीसुद्धा घाट उतरताना ठरलेल्या ठिकाणी थांबते, ब्रेक बरोबर आहेत ना याची खात्री करायला. काही विजेची इंजिनं उताराची ऊर्जा वीज करून तारेत परत सोडतात. एका गाडीच्या उताराने दुसरीचा चढ हलका होतो.

आता तुमची पाळी

तुमच्या गावाजवळ कोणता घाट आहे? माळशेज, ताम्हिणी, वरंधा, आंबा, कुंभार्ली, आंबेनळी? पायथ्याची आणि माथ्याची उंची शोधा. दोन्हींतला फरक काढा, त्याला तुमच्या वजनाने गुणा आणि वर एक शून्य द्या. सायकलवर जाणार असाल तर सायकलचं वजनही त्यात धरा. आलेलं उत्तर तुमची जकात, ज्यूलमध्ये. तिला चारने गुणा, म्हणजे डब्यात किती खाऊ लागेल ते कळेल.

मग पाऊस संपला की, थंडीच्या दिवसांत, मोठ्यांना घेऊन निघा. डोक्यावर हेल्मेट, रस्त्याची डावी बाजू आणि वळणावर हळू. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं फार जड जातं. हा नियम सायकलवाल्यांनीही पाळा. चिक्कीचा कागद खिशात घालून घरी आणा. कारण घाटावरच्या रानात मुरलेलं पाणीच गोदावरी, भीमा आणि कृष्णा होऊन तुमच्या नळापर्यंत येतं.